तिसऱ्या धक्क्याच्या दोन मालकिणी

कोइतोमारी बंदरात बोटीवरून, जाळ्यावरून, अगदी समाधीच्या जागेवरूनही भांडणं होत. गाण्यावरून मात्र कधी झालं नव्हतं. कारण गाणी आधीच वाटून झाली होती.

बंदरामागच्या गल्लीत मासुए नावाच्या बाईचं ‘चिदोरी’ हे कॅराओकेचं दुकान. मंगळवारी दुपारी जेवणं आटोपली की गावातली म्हातारी मंडळी तिथे जमत आणि शिओमिझू ताएची गाणी म्हणत. दुसऱ्या कुणाची नाही. ताए तरुणपणापासून स्वतःच लिहिते, स्वतःच चाल बांधते आणि स्वतःच गाते. तिच्या ढीगभर गाण्यांतून प्रत्येकानं आपलं एकेक उचललेलं. हाकोदातेच्या फेरीबोटीवर जन्मभर तिकिटं तपासलेल्या कुसाकारींचं ‘निळा बूट’, मासुएचं ‘टोमॅटो आणि मी’, आणि तोयोबाईचं ‘तिसरा धक्का’. एकाचं गाणं दुसऱ्यानं म्हणायचं नाही. नवा माणूस आला तर आधी विचारायचा, “हे कुणाचं आहे का हो?” हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. शेजारणीच्या नवऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरू नये, हे काय कुणी भिंतीवर लिहून ठेवतं?

तोयोबाई सुकवलेल्या माकुळ मासळीचं दुकान चालवी. आवाज असा, की तिनं वरचा सूर लावला की बंदरातले पक्षी खांबांवर ओळीनं बसत आणि खालचा लावला की खाडीतून जाणारी फेरीबोट उलटा भोंगा देई. खोटं वाटेल, पण भोंग्याची तक्रार बोट कंपनीकडे गेली होती आणि कप्तानानं लेखी कळवलं होतं की, हाकेला ओ देणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

गाणं तसं साधं होतं.

बोट निघाली तुला घेऊन,
मी धक्क्यावर चिंब भिजून,
तुझ्यावाचून आभाळ केवढं मोठं...

इथे ताए रेकॉर्डवर थांबते. वाद्यं वाजत राहतात, ती गप्प. मग पुढचं कडवं. तोयोबाई थांबत नसे. वाद्यांना मागे टाकून सरळ पुढच्या कडव्यात घुसे. प्रत्येक गाण्याला गुण देणारं मशीन तिचे गुण कापी. कुणी सांगायला गेलं तर ती म्हणे, “मी त्या धक्क्यावर एकदा थांबलेय. पुरे झालं तेवढं.”

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोयोचा नवरा शिगेमात्सु दाढी करताना रोज हेच गुणगुणायचा. एका पावसाळी सकाळी तो तोयोच्याच शेडमध्ये माकुळ चिरायला येणाऱ्या फुकुएबरोबर हाकोदातेच्या बोटीत चढला. तोयो ॲप्रनसकट धावत तिसऱ्या धक्क्यावर पोचली तोवर बोट धक्क्यापासून सुटलेली. जाताना शिगेमात्सुनं वस्तरा नेला, हिवाळी कोट नेला, लोणच्याची बरणीसुद्धा नेली. गाणं तेवढं राहिलं. ते तो न्यायला विसरला, असं तोयोनं ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून ते आपल्या नावावर केलं. संसाराची वाटणी म्हणून तिच्या वाट्याला एवढंच आलं होतं.

आणि या हिवाळ्यात, शिगेमात्सु तिकडेच वारल्यावर, फुकुए भाचीकडे राहायला म्हणून गावात परत आली. केस जांभळे रंगवलेले, गळ्यात मोत्यांची माळ. एका मंगळवारी तिनं ‘चिदोरी’चं दार सरकवलं, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि मशीनचा रिमोट ओढून घेतला. पहिले सूर वाजले आणि कुसाकारींचा चहा नाकातून बाहेर आला.

मासुए धावली. “फुकुएबाई, अहो, ते... ते तोयोबाईंचं आहे.”

“काय आहे त्यांचं?”

“गाणं.”

“असं का? मला कुठे नाव दिसलं नाही त्यावर.”

“नाव तर नवऱ्यावरही लिहिलेलं नव्हतं,” कोपऱ्यातून तोयो म्हणाली. “तेव्हाही हिनं विचारलं नव्हतं.”

“तुझा नवरा स्वतःच्या पायांनी बोटीत चढला होता, तोयो. मी काही त्याला पोत्यात घालून नेला नाही.”

“पोत्यात घातला असतास तर तेवढी तरी मेहनत झाली असती हातून. माझ्या शेडमध्ये कधी केली नाहीस.”

फुकुएनं माइक तोंडाशी धरला आणि गायला सुरुवात केली. आवाज पातळ, पण चिवट. उकडलेल्या माकुळासारखा, चावावा तितका वाढणारा. आणि मधल्या जागी ती थांबली. ताए थांबते त्याहून जास्त. वाद्यं पुढे निघून गेली, पडद्यावरची अक्षरं रंगून संपली, कुसाकारींनी नाक पुसून घेतलं, तरी ती डोळे मिटून गप्पच. मग अशी काही सुरू झाली, जशी काही मशीननंच घाई केली होती.

त्या दिवसापासून ‘चिदोरी’त उघड लढाई. फुकुए हळव्या ओळीवर आली की तोयो सुक्या माकुळाचं कडक पाकीट चर्रकन फाडी आणि सगळ्यांना वाटायला उठे. तोयो गाऊ लागली की फुकुए टाळ्या देई, पण अशा आडताल, की कुसाकारींचा पाय आपोआप अडखळे आणि त्यांना बसल्या जागी धाप लागे. तोयोनं फुकुएच्या चहात समुद्राचं पाणी ओतलं, असं लोक म्हणत. फुकुएनं तो पिऊन, “या दुकानात आता कुठे चहाला चव आली,” असं सांगितलं, असंही म्हणत. दोघींच्या नजरानजरीनं मासुएच्या दुकानातली बोन्सायची झाडं दोन्ही बाजूंनी वाळली आणि मधे तेवढी हिरवी राहिली.

शेवटी तोयोनं, जे कुणीच कधी करत नाही, ते केलं. फुकुए ऐन वरच्या सुरात असताना रिमोट उचलला आणि गाणं बंद करायचं बटण दाबलं. वाद्यं मेली. फुकुएचा एकटा सूर हवेत लोंबकळत राहिला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. याहून थोबाडीत मारलेली बरी.

फुकुएनं माइक सावकाश खाली ठेवला. “बंद कर. इथे बंद करशील,” ती म्हणाली. “माझ्या घरात तर रोज सकाळी वाजायचं. तोंडाला साबण लावला की हेच. शेवटच्या आजारापर्यंत. माझ्यासाठी म्हणायचा तो.”

तोयोनं रिमोट खाली ठेवला. तिनं कोट घातला आणि ती निघून गेली.

वस्तरा गेला, कोट गेला, नवरा गेला, तेवढं तिनं पचवलं होतं. पण गाणंही त्याच बोटीतून तिकडे गेलं असेल, आणि तिथे दुसरीसाठी वाजत असेल, तर इतकी वर्षं ती कुणाचं उष्टं म्हणत होती? त्या आठवड्यात तिनं वाळवलेलं माकुळ इतकं कडू झालं की, बंदरावरच्या मांजरांनी ते तोंडात धरून परत आणून दारात ठेवलं. पुढच्या मंगळवारी तिनं माइक हातात घेतला. ‘बोट निघाली’ एवढं म्हणून ती बसली. फुकुए आडताल टाळ्या वाजवत होती.

मग गावभर फलक लागले. शिओमिझू ताए येणार! नगरसभागृहात, मंगळवारी, संध्याकाळी पाचला. मासुएनं सगळ्यांची तिकिटं एकाच रांगेत काढली आणि दोघींच्या मधे कुसाकारींना बसवायचं ठरवलं.

“मला का?” कुसाकारी कळवळले.

“तुम्ही वादळात बोटीवर उभे राहिलात ना जन्मभर?”

“वादळात दोर धरायला असायचा हो.”

त्या मंगळवारी सकाळपासून पाऊस. दुपारी मंडळी ‘चिदोरी’त जमली असताना एक अनोळखी बाई आत आली. बांबूच्या मुठीची छत्री तिनं दाराजवळच्या स्टँडमध्ये उभी केली. तोंडावर मास्क, पण वसंतात देवदाराच्या परागांनी निम्मं गाव शिंकत असतं, त्यामुळे मास्क नसलेलाच माणूस वेगळा दिसे. एरवी ती बाई निवृत्त पोस्टमास्तरीण वाटावी अशी. तिनं चहा घेतला, ‘निळा बूट’ ऐकून मान डोलावली, ‘टोमॅटो आणि मी’ला हसली. मग काही न विचारता रिमोट उचलला.

सुरुवातीचे सूर वाजले. तोयो आणि फुकुए एकदमच उठल्या. एकीची खुर्ची मागे पडली, दुसरीची पुढे.

बाईचं लक्षच नव्हतं. मास्कमधूनच, अर्ध्या आवाजात, चाल इकडेतिकडे वाकवत ती गात राहिली. जसं कुणी स्वतःच्या परसात फिरताना वाटेतली पानं खुडावीत. गाणं संपल्यावर मशीननं आजवर कुणालाच दिले नव्हते इतके कमी गुण दिले आणि पडद्यावर एक कार्टून ससा येऊन म्हणाला की, निराश होऊ नका, सराव करा.

“कुठल्या हो तुम्ही?” फुकुएनं विचारलं.

“टोकियोहून आले.”

“तरीच,” तोयो म्हणाली. “तालाचा पत्ता नाही, शब्दांचा नाही. ‘आभाळ केवढं मोठं’ असं आहे ते. तुम्ही ‘किती उघडं’ म्हणालात.”

“हो का? आधी ‘उघडं’च होतं बहुतेक.”

“बहुतेक? अहो, ताएनं लिहिलंय ते, तुमच्या आत्यानं नाही. आणि मधे थांबायचं नसतं.”

“थांबायचं असतं!” फुकुए कडाडली. “पण या बाईसारखं इतकंसं नाही. पोट भरून थांबायचं असतं.”

“तू मधे बोलू नकोस. मी हिला शिकवतेय.”

“तुला येतं का आधी?”

बाईनं मास्क जरा सैल करून चहाचा घोट घेतला. “एवढं कशाला तापायचं?” ती म्हणाली. “छत्रीचं तर गाणं आहे.”

दुकानात इतकी शांतता झाली की बाहेर कालवांनी शिंपले मिटल्याचा आवाज आला.

“कशाचं?” तोयो म्हणाली.

“छत्रीचं. बोटीत विसरली. बोट गेली, पाऊस सुरू, डोक्यावर काही नाही. माणूस भिजणारच. आणि मधे ती थांबते ना, तिथे खरं तर शिंक होती. गाणाऱ्या बाईला सर्दी झालेली. शिंक नंतर कापून टाकली, जागा राहिली.”

तोयोला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे कानात शिरलं, पण पुढे जायला जागा सापडेना. फुकुएचा मात्र जांभळ्या केसांपासून मोत्यांपर्यंत रंग उतरला आणि मग दुप्पट चढला.

“छत्री?” ती ओरडली. “छत्री मी धरली होती त्या दिवशी बोटीवर! या दोन हातांनी! माझी नवी छत्री, त्याच्या डोक्यावर! आणि तो मेला तिच्याखालून बाहेर गेला. पावसात. कठडा धरून उभा राहिला, हा धक्का दिसेनासा होईपर्यंत. आत ये म्हटलं, नाही. भिजशील म्हटलं, नाही. तिथे सुरू झालं त्याचं हे रडगाणं! मग रोज सकाळी खिडकी उघडायची, समुद्राकडे तोंड करायचं आणि हेच. आरशात बघून दाढी कर म्हटलं तर नाही. गाल कापून घ्यायचा, पण तोंड इकडेच! आख्खा जन्म मी या गाण्याला सवत म्हणून घरात नांदवलं, आणि ही टोकियोची टिकोजीराव मला सांगते, छत्री!”

तिला धाप लागली. कुसाकारी पुढे केलेला चहा हातात धरून तसेच उभे.

तोयो म्हणाली, “तू तर सांगितलंस, तुझ्यासाठी म्हणायचा.”

“माझ्यासमोर म्हणायचा.”

“ते वेगळं.”

“मला नको शिकवूस वेगळं. तू ऐकत होतीस का? मी ऐकत होते. सगळं मी ऐकलंय. ते माझंच आहे. भोगलंय मी ते.”

“घाल चुलीत तुझं भोगणं,” तोयो म्हणाली; पण तिचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. खिडकीबाहेर तिसरा धक्का पावसात राखाडी दिसत होता आणि ती पहिल्यांदाच तो समुद्राकडून बघत होती. धक्क्यावर ॲप्रन घातलेली, ओली, लहान होत जाणारी एक बाई.

“फारच चांगलं आहे हे,” मास्कवाली बाई हळूच म्हणाली. “माझ्या लक्षातच...”

दोघी गर्रकन तिच्याकडे वळल्या.

“तुम्ही अजून इथेच?” तोयो म्हणाली.

“उठा,” फुकुए म्हणाली. “दुसऱ्याचं गाणं न विचारता म्हणायचं आणि वर अक्कल पाजळायची. चालतं व्हा.”

“अहो, पण बाहेर पाऊस...”

“भिजणं माहितीये ना तुम्हाला? मग भिजा!”

दोघींनी मिळून केलेलं हे आयुष्यातलं पहिलं काम. इतकं झटपट झालं की बाई गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा दार अजून सरकत होतं. बांबूच्या मुठीची छत्री स्टँडमध्येच राहिली. मासुएनं ती उचलून हाक मारायला तोंड उघडलं, तर दोघी एका आवाजात म्हणाल्या, “राहू दे.”

संध्याकाळी निघताना फुकुएकडे छत्री नव्हती. तिनं सरळ ती बांबूची उचलली.

“न विचारता उचलायची सवय जुनी आहे,” तोयो म्हणाली.

सभागृह खचाखच भरलेलं. दिवे मंद झाले. ताए आली. फलकावरचाच लाल कोट, तोच काळा चष्मा, तीच सुपाएवढी टोपी. फक्त टोपीच्या कडेवरून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. मासुएनं फुकुएपलीकडून वाकून कुसाकारींचा हात घट्ट धरला. ताएनं पहिली गाणी म्हटली, टाळ्या झाल्या. मग ती माइकजवळ आली.

“आज दुपारी तुमच्या गावात मी छत्री विसरले,” ती म्हणाली. “बोटीत एकदा विसरले होते, त्याचं गाणं झालं. ‘तिसरा धक्का’. ते आज म्हणणार नाही.”

सभागृहात हळहळ उठली.

“या गावात त्याला मालकिणी आहेत. न विचारता म्हटलं म्हणून त्यांनी मला हाकलून दिलं, आणि बरोबरच केलं. इतकी वर्षं ते कशाबद्दल आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी फक्त लिहिलं होतं.”

तोयोनं मान वळवली नाही. फुकुएनंही नाही. पण कुसाकारींच्या पायाखाली काहीतरी सरकलं. फुकुएनं खुर्चीखालची बांबूची छत्री टाचेनं तोयोकडे ढकलली होती. तोयोनं ती परत ढकलली. ताएचं पुढचं गाणं सुरू झालं, तरी खाली छत्रीची फेरीबोट चालूच. कुसाकारी दोन्ही पाय वर उचलून बसलेले. मध्यंतरात मासुएनं विचारलं की, छत्री नेऊन कोण देणार.

“तिनं आणली, ती देईल,” तोयो म्हणाली.

“हिनं बाईला हाकललं, ही देईल.”

“मी एकटीनं?”

“मालकीण तूच ना? मग जा की.”

“आत्ता बरी मालकीण झाले मी.”

शेवटी कुणीच दिली नाही. छत्री ‘चिदोरी’च्या स्टँडमध्ये परत आली आणि तिथेच राहिली. मुसळधार पावसातही तिला कुणी हात लावत नाही; दार उघडं राहिलं आणि आत पाणी आलं तर ती आपोआप उघडते, असं मासुए सांगते.

पुढच्या मंगळवारी तोयोबाई उठली. रिमोट घेतला, कुणाकडेही न बघता गाणं लावलं आणि माइक हातात धरला. फुकुए समोरच बसलेली, टाळ्या वाजवायला हात तयार.

बोट निघाली तुला घेऊन. पक्षी खांबांवर बसले. मी धक्क्यावर चिंब भिजून. खाडीतून भोंगा आला. तुझ्यावाचून आभाळ केवढं मोठं...

आणि तोयोबाई थांबली.

कुसाकारी दचकून सरळ बसले. मासुएच्या हातातली बशी तशीच राहिली. वाद्यं वाजत होती. ताए थांबते ती जागा गेली, फुकुए थांबते तीही गेली, तरी तोयो खिडकीकडे तोंड करून उभी. धक्क्यावरून बोट दिसेनाशी व्हायला जितका वेळ लागतो, आणि बोटीवरून धक्का दिसेनासा व्हायला जितका लागतो, तेवढी.

फुकुएनं काही वेळ ते सोसलं. मग पुढे झुकली, रिमोट ओढला आणि बटण दाबलं. वाद्यं बंद पडली.

“किती थांबशील, मेले?” ती म्हणाली.

तोयोबाई वळली. चेहऱ्यावर राग शोधायला गेलं असतं तर भरपूर सापडला असता. पण तिनं माइक सोडला नाही आणि कोटही उचलला नाही.

“लाव परत पहिल्यापासून,” ती म्हणाली. “मला आता कसली घाई नाही.”